डीव्हीडीचे कुलूप आणि मुक्त संगणक प्रणाली

रीतसर विकत घेतलेली चित्रपटाची डीव्हीडी दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्रावर चालते. परंतु तीच तबकडी लिनक्स प्रणालीच्या संगणकात घातली असता पुष्कळदा चालत नाही. संगणकातच काही बिघाड असावा, अशी समजूत त्यामुळे होते. वस्तुतः अडचण यंत्राची नसून तबकडीला लावलेल्या कुलपाची असते.

डीव्हीडी १९९६ साली प्रथम जपानच्या बाजारात आली. एकपदरी तबकडीवर सुमारे ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. नक्कल होऊ नये म्हणून चित्रपटांच्या बहुतेक तबकड्यांवरील मजकूर ‘सीएसएस’ या पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. तो उलगडणारी किल्ली ४० बिटांची असून, यंत्राच्या निर्मात्यास ती परवाना घेऊन व गुप्त राखण्याच्या अटीवरच मिळते. मुक्त प्रणालीची मूळ संहिता मात्र कोणालाही वाचता येते. जे सर्वांसमोर उघडे आहे, त्यात गुपित ठेवावे कसे, हाच खरा पेच होय.

ऑक्टोबर १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा ‘डीईसीएसएस’ नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी असलेला नॉर्वेचा यून लेक योहान्सेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरण्यात आला; परंतु स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणे हा गुन्हा नव्हे, असे मानून ऑस्लो येथील न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष ठरविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. याउलट न्यूयॉर्क येथील न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये एका नियतकालिकाच्या प्रकाशकांस या कार्यक्रमाचा प्रसार करण्यास मनाई केली होती.

कायद्यांतील या भिन्नतेमुळे डेबियनसारख्या वितरणांच्या मूळ संचात कुलूप उघडणारा ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ हा भाग नसतो. ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ या संचाच्या साहाय्याने तो वेगळा बसवावा लागतो. त्यानंतर व्हीएलसीसारख्या कार्यक्रमात तबकडी सहसा चालू लागते. डीव्हीडीवर प्रदेश-क्रमांकाचेही बंधन असते. भारताचा क्रमांक ५ आहे. संगणकातील वाचकयंत्राचा प्रदेश सामान्यतः पाच वेळाच बदलता येतो. म्हणून तो विचारपूर्वक बदलावा.

भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली ६५-अ हे कलम घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण निष्फळ करणे या कलमान्वये दंडनीय आहे. हेतूवर दिलेला हा भर ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वतःची तबकडी घरी पाहणे आणि तिच्या नकला काढून विकणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत.

लग्नसमारंभ किंवा शाळेचे स्नेहसंमेलन यांच्या घरगुती तबकड्यांना मात्र असे कुलूप नसते. त्या मुक्त प्रणालीवर या भागावाचूनही पाहता येतात. तबकडी चालत नसल्यास संगणकास दोष देण्यापूर्वी तिला कुलूप आहे काय, हे प्रथम पाहणे इष्ट.