उडीपेक्षा जागा महत्त्वाची

आइस हॉकी हा कॅनडातील घराघरांत रुजलेला खेळ. बर्फाच्या गुळगुळीत मैदानावर स्केट्स घालून खेळाडू वेगाने सरकतात आणि कठीण रबराची एक चकती काठीने टोलवतात. ही चकती म्हणजे पक. त्याचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन सुमारे १६० ग्रॅम. त्याला अडवण्यासाठी ६ फूट रुंद व ४ फूट उंच गोलापुढे एकटा गोलरक्षक उभा असतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने सुटलेला पक सात मीटरचे अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात कापतो. तो पाहून मग हात हलवू म्हणणाऱ्याला उशीरच होतो. म्हणूनच जाणते प्रशिक्षक गोलरक्षकाला उडी मारण्याआधी उभे राहायला शिकवतात.

या शिक्षणाचे एक साधे साधन म्हणजे दोरी. गोलाच्या दोन्ही खांबांना बांधलेल्या दोऱ्या पकाच्या जागी एकत्र आणल्या की एक त्रिकोण तयार होतो. गोलरक्षक मागे, रेषेवर उभा राहिला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी मोकळी जागा दिसते. दोन पावले पुढे आला की तीच जागा अरुंद होते. मात्र फार पुढे येणेही घातक. प्रतिस्पर्ध्याने पक बाजूच्या साथीदाराकडे सरकवला, तर मागचा गोल उघडा पडतो. किती पुढे यावे आणि केव्हा मागे सरावे, हा विवेक सरावानेच अंगी बाणतो. छाती व खांदे पकाकडे असावेत, कारण मारणाऱ्याचे शरीर फसवू शकते, पक फसवत नाही.

अडवल्यानंतरचे काम तितकेच नाजूक असते. पॅडवर आपटून पक समोर उसळला, तर प्रतिस्पर्ध्याला दुसरी संधी आयतीच मिळते. म्हणून तो कोपऱ्याकडे वळवणे, काठीचे पाते बर्फाला टेकलेले ठेवणे आणि गर्दी झाली की पक हाताखाली दाबून खेळ थांबवणे, हे धडे पुनःपुन्हा गिरवले जातात.

गोल सोडून मागे जायचे, तेथे पक थांबवायचा आणि तो आपल्या साथीदाराकडे सोपवायचा, ही रीत मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचे जाक प्लान्ट यांनी रूढ केली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील सामन्यात पक लागून त्यांचा चेहरा फाटला. टाके घातल्यावर मुखवट्याशिवाय पुन्हा उतरण्यास त्यांनी नकार दिला. मुखवट्याने नजर अडेल, असे त्यांच्या प्रशिक्षकांचे मत होते. तरीही प्लान्ट मुखवटा घालून उतरले आणि संघ जिंकला. गोलरक्षकाच्या चेहऱ्यावरील मुखवटा तेव्हापासून हळूहळू नित्याचा झाला.

या विद्येचा खरा कस १९७२ मध्ये लागला. कॅनडा व सोव्हिएत संघ यांच्यातील मालिकेचा पहिला सामना २ सप्टेंबरला मॉन्ट्रियल येथे होता. कॅनडा सहज जिंकणार, असाच बहुतेकांचा समज होता. सामन्यापूर्वी प्लान्ट दुभाष्याला घेऊन सोव्हिएत संघाच्या खोलीत गेले आणि वीस वर्षांच्या व्लादिस्लाव त्रेत्याक यांना कॅनडाचे नामवंत खेळाडू कोठून व कसे मारतात, कोणासमोर किती पुढे यावे, हे फळ्यावर आकृत्या काढून समजावले. प्रतिस्पर्ध्याच्या पोराला आपल्या घरची विद्या देण्याचा हा प्रसंग त्रेत्याक यांनी पुढे कृतज्ञतेने सांगितला. त्या रात्री सोव्हिएत संघ ७-३ असा जिंकला. आठ सामन्यांची ती मालिका अखेर कॅनडाने जिंकली, तीही शेवटच्या सामन्याची अवघी ३४ सेकंदे उरली असता झालेल्या गोलाने.

दिलेली विद्या मात्र वाया गेली नाही. १९९० मध्ये त्रेत्याक शिकागो ब्लॅकहॉक्स संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या एड बेलफोर यांनी १९९१ मध्ये उत्कृष्ट गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक मिळवला. पुढे बेलफोर यांनी गुरूंच्या सन्मानार्थ त्यांचा २० हा क्रमांक आपल्या पाठीवर घेतला. हे बेलफोर कॅनडातील मॅनिटोबा प्रांताचे. एका कॅनेडियनाने परक्या तरुणाच्या पदरात टाकलेले ज्ञान अठरा वर्षांनी कॅनडाच्याच मुलाकडे परत आले. भांडवल वाटल्याने कमी होते. विद्येचा हिशेब निराळा असतो.