घरकुलाचा ताप आधी मोजावा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे कमी असताना, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन माणसे घराघरांत निजली होती. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या पहाटेपासून महाराष्ट्राच्या स्मृतीत कायमची कोरली गेली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना मारले ते भूकंपाने, हे खरे. परंतु त्याहूनही अधिक खरे हे की, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवर लादलेल्या माळवदाच्या ओझ्याने त्यांना मारले. त्यानंतर जे पुनर्वसन झाले, त्यात बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपाला तोंड देऊ शकेल असे घर गरिबाला मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्या निमित्ताने राज्यकर्त्यांनी प्रथमच एवढ्या व्यापक प्रमाणावर मान्य केले. त्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि जुन्या घरात एक गुण होता आणि तो त्या ढिगाऱ्याखाली घरासोबत गाडला गेला. माळवदाचे घर उन्हाळ्यात थंड असे. तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशा छपरातून उन्हाची धग खाली उतरावयास इतका वेळ लागे की, ती पोहोचण्यापूर्वीच दिवस मावळून जाई. त्याच्या जागी आलेला काँक्रीटचा चार-पाच इंची स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री दहा वाजेपर्यंत ती धग खालच्या माणसांवर ओततो. पत्र्याच्या घराची अवस्था तर भर दुपारी भट्टीसारखी होते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे हा प्रश्न चैनीचा नव्हे. म्हातारीकोतारी माणसे, बाळंतिणी आणि तान्ही मुले दिवसभर ज्या घरात असतात, त्या घराचा तो प्रश्न आहे. भिंतीखाली माणूस चिरडू नये, एवढ्यावर निवाऱ्याची व्याख्या संपत नाही. त्या भिंतींच्या आत त्याला झोप लागली पाहिजे.

२०२३ पासून धाराशिव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात आज पुनर्वसनाची जुनी घरे आहेत, रमाई आवास योजनेची घरे आहेत आणि २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेची किमान पंचवीस चौरस मीटरांची घरकुलेही आहेत. ही घरे सुधारावीत, असे आता सर्वच म्हणू लागले आहेत. उपायांचीही वाण नाही. कोणी स्लॅबला पांढरा रंग द्यावा म्हणतो, कोणी छपरावर सौरपट्ट्या बसवाव्यात म्हणतो, कोणी कमी विजेचे पंखे वाटावेत म्हणतो. यातील प्रत्येक उपाय कोठे ना कोठे योग्य आहे. परंतु कोणत्या घराला कोणता उपाय, हे ठरविणार कोण आणि कशाच्या आधारावर? वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. शासन मात्र घराची नाडी न पाहताच एकच काढा हजारो घरांना पाजावयास निघते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे की, घरकुलांच्या सुधारणेवर रुपया खर्च करण्यापूर्वी त्या घरांतील उष्णता आणि विजेचा वापर मोजला जावा आणि सुधारणा झाल्यावर तो पुन्हा मोजला जावा.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. पाश्चात्त्य देशांत घरसुधारणेचे यश वाचलेल्या इंधनावरून मोजतात. तेथेही हे गणित फसल्याचा अनुभव आहे. केंब्रिज विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१२ मध्ये जर्मनीतील घरांविषयी दाखवून दिले की, कागदावरील हिशेबापेक्षा कुटुंबे सरासरी तीस टक्के कमी ऊर्जा वापरतात. जी वापरलीच गेली नाही, ती वाचणार कशी? आपल्या घरकुलांत तर ही तफावत कितीतरी तीव्र असणार. मजूर कुटुंबाचे वीजबिल लहान असते, ते घर थंड असते म्हणून नव्हे; पंखा लावणे परवडत नाही म्हणून.

साधा हिशेब करून पाहावा. ७५ वॅटचा एक पंखा दिवसाला सोळा तास चालला, तर महिन्याला ३६ युनिटे लागतात. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत १४४. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकासाठी असलेला सवलतीचा दर वर्षाला ३६० युनिटांच्या मर्यादेतच मिळतो. म्हणजे त्या वार्षिक मर्यादेचा दोन-पंचमांश हिस्सा एकटा पंखा चार महिन्यांत खाऊन टाकतो. अशा घरातील बाई दुपारी पंखा बंद करून दारातल्या सावलीत बसते आणि आपली सरकारी नोंद म्हणते की, या घरात विजेची बचत होते! केवळ बिलावरून निर्णय घेतला, तर सर्वांत अधिक होरपळणारे घर मदतीच्या यादीत सर्वांत खाली जाईल. म्हणून बिलाच्या आकड्याशेजारी घरातील तापमानाचा आकडा असलाच पाहिजे. या दोहोंपैकी एक वगळला की दुसरा खोटे बोलू लागतो.

हे मोजमाप फार अवघड नाही. घरात एक आणि बाहेर सावलीत एक, अशी दोन तापमापके आणि विजेसाठी एक उपमीटर एवढी सामग्री पुरते. दुपारी तीन, रात्री नऊ आणि पहाटे पाच या तीन वेळांच्या नोंदी पुष्कळ काही सांगून जातात. घर भर दुपारीच बाहेरच्याहून अधिक तापत असेल, तर छपर पातळ आहे. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत घालावे लागेल. रात्री नऊला बाहेर वारे सुटले असताना घर तापलेलेच असेल, तर उष्णता स्लॅबने साठविली आहे. त्यावर चुन्याचा हात किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचा थर हवा. पहाटेही घर निवत नसेल, तर हवेला वाट नाही. समोरासमोर झरोके पाडण्याचा विचार करावा लागेल. येथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. गारव्यासाठी स्लॅबवर पुन्हा मातीचा ढीग चढविणे किंवा वाटेल तेथे भिंत फोडणे म्हणजे १९९३ चा धडा विसरणे होय. प्रत्येक उपाय अभियंत्याच्या नजरेखालून गेलाच पाहिजे.

या जिल्ह्याला आणखी एक सोय आपोआप लाभलेली आहे. पुनर्वसित गावांत एकाच आकाराची, एकाच बांधणीची घरे रांगेने उभी आहेत. त्या रांगेतील काही घरे सुधारावीत, काही तूर्त तशीच ठेवावीत आणि दोन्हींत एकाच दिवसांत नोंदी घ्याव्यात. म्हणजे फरक उपायाने पडला की त्या वर्षीच्या उन्हाळ्याने, हा वाद उरणार नाही. अर्थात, जी घरे थांबली त्यांना पुढच्या वर्षी तोच लाभ मिळेल, ही हमी आधी लेखी दिली पाहिजे. नोंदी दोन-तीन वर्षे चालू ठेवाव्या लागतील. कारण चुन्याच्या पांढऱ्या हातावर धूळ बसली की त्याचा गुण ओसरतो आणि हे पहिल्या उन्हाळ्याच्या आकड्यांत दिसत नाही.

न मोजता केलेल्या लोकोपयोगी कामांचे काय होते, हे आपण पाहिलेले आहे. १९८३ पासून दोन दशके देशभर सुधारित चुली वाटण्यात आल्या. वाटलेल्या चुलींचा हिशेब चोख राहिला. त्यांतल्या किती पेटत्या राहिल्या आणि किती धूर कमी झाला, याची चिंता तितकी वाहिली गेली नाही. भूकंपानंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमातही पुष्कळ लाभार्थींनी जुने घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या मदतीतून नवी खोली बांधणे पसंत केले. याचा दोष त्यांना देता येणार नाही. भिंतीत आरपार घातलेल्या जोडदगडाचा उपयोग पुढच्या भूकंपापर्यंत डोळ्यांना दिसत नाही. गारव्याचे तसे नाही. आपल्या खोलीचा पारा शेजाऱ्याच्या खोलीपेक्षा किती उतरला, हे घरमालकाला स्वतः वाचता येते आणि जे त्याने स्वतः वाचले, ते त्याला पटवून द्यावे लागत नाही.

नियमांचा आधार घ्यावा, तर तेथेही गरिबाचे घर वगळलेले आढळते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. छपरातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तीत घालून दिलेली आहे आणि उघडा काँक्रीटचा स्लॅब त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. परंतु ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींपुरती आहे. पंचवीस मीटरांच्या घरकुलाची तिला दादच नाही!

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला खर्चाचा. त्याचे उत्तर असे की, गावोगावी प्रत्येक घर मोजण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकारच्या घरांपैकी थोडी निवडून मोजली तरी पुरे. चुकीचा उपाय हजार घरांवर करण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या घरातील वापर कोणीतरी टिपतो आहे, याची गरीब माणसाला धास्ती वाटते.  तेव्हा या नोंदी संमतीनेच घ्याव्यात, घरमालकाला त्या खुल्या असाव्यात आणि त्यांच्या आधारे कोणाचीही सवलत काढून घेतली जाणार नाही, असे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे. सुधारलेल्या घरात उद्या पंखा अधिक वेळ फिरू लागला, तर तो अपव्यय नव्हे. ते त्या कुटुंबाचे थकलेले देणे आहे.

हे काम करणारे हात जिल्ह्यात आहेत. तुळजापूर येथे १९८६ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे, तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांतून पारा वाचता येणारी मुले आहेत. जिल्हा परिषदेने पुढाकार घ्यावा, महावितरणने उपमीटर द्यावेत आणि येत्या उन्हाळ्यात सास्तूरच्या परिसरातील एखाद्या पुनर्वसित गावापासून आरंभ करावा. तेथील माणसांना तीन दशकांपूर्वी शासनाने पक्क्या भिंती दिल्या. त्या भिंतींच्या आत मे महिन्याची रात्र कशी जाते, हे त्यांना अद्याप कोणी विचारलेले नाही. तो प्रश्न आता तापमापक हातात घेऊन विचारला जावा.