घरगुती सुतारकामाचीं विजेचीं हत्यारें कशीं निवडावीं

पूर्वीं गांवचा सुतार बलुतेदार असे. सुगीच्या वेळीं तो खळ्यावरून धान्याचा वांटा नेई आणि वर्षभर नांगर, कुळव, दारें व खिडक्या नीट ठेवी. ती रीत आतां मोडली. कुशल सुतार शहरांतील मोठ्या कामांवर जातो. एका अडलेल्या दारासाठीं तो येत नाहीं, व आला तर मजुरी परवडत नाहीं. सबब अनेक शेतकरी बंधु घरीं विजेचीं हत्यारें आणूं लागले आहेत. तीं घेतांना काय पाहावें, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. प्रस्तुत लेखक सुतार नव्हे. महसूल खात्यांतून निवृत्त झालेला कारकून आहे. परंतु एक चूक त्यास महाग पडली. ती वाचकांस पडूं नये, एवढीच इच्छा.

आमचें पेणकरपाड्याचें घर जुनें आहे. मिठागरें व खाडी यांच्यामुळें मीरा-भाईंदरच्या हवेंत ओल व खार दोन्ही असतात. निवृत्तीनंतर खिडक्यांच्या चौकटी स्वतः बदलाव्या, असें मनांत आणून मीं दुकानांत गेलों. दुकानदार म्हणाला, “साहेब, एक ग्राइंडर घ्या. चकती बदलली कीं लोखंड, फरशी, लांकूड सर्व कापतो.” स्वस्त सौदा म्हणून मीं तो घेतला व त्यास लांकडाची दांतेरी चकती लावली. दुसऱ्याच दिवशीं सागाच्या फळींत चकतीचा दांत अडकला, यंत्र उसळून हातांतून निसटलें, आणि डाव्या अंगठ्यास सात टाके पडले. थोड्यावरच निभावलें, असें डॉक्टर म्हणाले.

यांत दोष नशिबाचा नव्हे. ग्राइंडर हा लोखंड घांसण्यासाठीं केलेला आहे. त्याची चकती मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेते. लांकडावर टेकून चालण्यास त्यास बैठक नसते, आणि दांतेरी चकतीस पुरेसें झांकणही नसतें. दांत अडकतांच सर्व जोर उलट फिरून धरणाराच्या अंगावर येतो. म्हणून ग्राइंडरला लांकडाची करवती चकती कधींही लावूं नये. फरशी कापण्याच्या लहान कटरचीही तीच गोष्ट. त्यास बैठक असली तरी त्याचा वेग लांकडासाठीं ठरविलेला नाहीं.

यंत्राचा सात-बारा

जमीन घेण्यापूर्वीं आपण सात-बाराचा उतारा वाचतों. यंत्राच्या अंगावरही तशीच एक पट्टी असते. ती वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत. प्रथम व्होल्ट पाहावे. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची आहे. अमेरिकेंतील नातलगानें आणलेलें १२० व्होल्टचें यंत्र येथें सरळ जोडल्यास जळून जाईल. नंतर वॅट पाहावे. हा आंकडा बहुधा यंत्र किती वीज घेतें तें सांगतो, काम किती देतें तें नव्हे. केवळ मोठ्या आंकड्यास भुलूं नये. १,५०० वॅटचें यंत्र सुमारें साडेसहा अँपिअर वीज घेतें, म्हणून तें ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवूं नये; १६ अँपिअरचा सॉकेट असावा.

पट्टीवर एका चौकोनांत दुसरा चौकोन काढलेला असेल, तर त्या यंत्रास दुहेरी विद्युत्-रोधन आहे असें समजावें. त्यास अर्थिंगची तार नसते. ती खूण नसल्यास तीन पिनांचा प्लग व खरी अर्थिंग हवीच. शेवटीं फेऱ्यांचा आंकडा पाहावा. चकतीवर छापलेली वेगाची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी असेल, तर ती चकती त्या यंत्रास लावूं नये.

कोणतें हत्यार प्रथम घ्यावें

सर्वांत आधीं ड्रिल घ्यावें. हातांत धरण्याचें विजेचें ड्रिल १८९५ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत तयार झालें, आणि १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीस पिस्तुलासारखी मूठ व चाप असलेल्या ड्रिलचें पेटंट मिळालें. आजही त्याचें रूप तेंच आहे. १३ मिलिमीटरचा चक, कमीजास्त होणारा वेग व उलट फिरण्याची सोय असलेलें ड्रिल घरास पुरतें. विटांच्या भिंतीसाठीं ठोका देणारें ड्रिल चालतें. सिमेंट काँक्रीटच्या तुळईसाठीं मात्र रोटरी हॅमर हें वेगळें यंत्र लागतें.

दुसरें कापण्याचें हत्यार. पातळ फळी व वळणाचें काम असेल तर जिगसॉ घ्यावा. नवख्या हातास तो त्यांतल्या त्यांत सुरक्षित. सरळ व जाड काप नेहमींचे असतील, तर १८४ मिलिमीटर चकतीची हातकरवत घ्यावी. ती सुमारें ६० मिलिमीटर खोल कापते. या दोहोंचे दांत सामान्यतः खालून वर येतांना कापतात, म्हणून फळीची चांगली बाजू खालीं ठेवावी.

विजेचा रंधा शेवटीं घ्यावा. वर्षांतून दोन दारें तासावयाचीं असतील तर हातरंधा पुरतो. गुण्या, पटाशी व कानस यांचें काम कोणतेंही यंत्र करीत नाहीं. तीं आधीं चांगलीं घ्यावीं.

शेतावर किंवा गोठ्यांत वीज नसेल तर बॅटरीचें यंत्र सोयीचें. येथें एक गैरसमज आहे. “२० व्होल्ट” व “१८ व्होल्ट” अशीं दोन नांवें दिसतात. पुष्कळदां तीं एकाच बॅटरीचीं असतात. तींत पांच घट असतात. भरल्याबरोबर ते २० व्होल्ट दाखवितात, काम करतांना १८. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रास बसत नाहीं; म्हणून पुढें लागणारीं हत्यारें मनांत धरूनच कंपनी ठरवावी.

पावसाळ्यांतील दार

आषाढांत दार अडलें कीं मनुष्य रंधा उचलतो. असें करूं नये. लांकूड लांबींत फारसें फुगत नाहीं, रुंदींत फुगतें. पावसाळ्यांत फार तासलें तर माघांत तेंच दार सैल पडतें. पावसांत जेथें अडतें तेथें पेन्सिलीची खूण करावी, कोरड्या दिवसांत बेतानें तासावें, आणि वरच्या व खालच्या कडांसही रंग किंवा तेल द्यावें. या कडा बहुधा कोऱ्याच राहतात व तेथूनच ओल शिरते. खाऱ्या हवेंत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात. पितळेचे किंवा स्टेनलेस पोलादाचे वापरावे.

जिवाची काळजी

चकती किंवा पातें बदलण्यापूर्वीं प्लग काढावा, बॅटरी असल्यास ती काढावी. लोंबता सदरा, उपरणें, सुटे केंस यंत्राजवळ नसावेत. फळी हातानें नव्हे, शिकंज्यानें धरावी. गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून वापरावी, नाहीं तर ती तापते. घरांत ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. डोळ्यांस चष्मा व नाकास मुखवटा लावावा. लांकडाचा भुसा कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला आहे.

माझा ग्राइंडर अद्याप घरीं आहे. त्यावर मीं कोयते व विळे घांसतों, आणि त्या कामास तो उत्तम आहे. ज्याचें काम त्यानेंच करावें, हा नियम बैलजोडीस आपण लावतों. हत्यारांसही तोच लावावा.