गळ, नोंदवही आणि तलाव : हौशी मासेमारी संघटनांची जलसंवर्धनातील भूमिका

प्रस्तावना

जलाशयांच्या संवर्धनाचा विचार करताना शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, पर्यावरणविषयक संस्था आणि मासेमारीवर उपजीविका करणारे समाज यांचा उल्लेख सहसा केला जातो. छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांच्या संघटना मात्र या चर्चेत अभावानेच आढळतात. मासे पकडणारा मनुष्य माशांचे रक्षण कसे करील, ही शंका त्यामागे असावी. ही शंका स्वाभाविक असली, तरी तिचे उत्तर इतिहासात आणि विज्ञानात शोधता येते. अशा संघटनांचे सामर्थ्य कशात आहे, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि युवकांना या छंदाकडे वळवताना कोणती दृष्टी असावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व कार्यपद्धती

उपजीविकेसाठी होणारी मासेमारी आणि हौशी मासेमारी यांत मूलभूत भेद आहे. पहिलीचे साधन प्रामुख्याने जाळे, तर दुसरीचे गळ, दोरी आणि काठी. अनेक संघटनांमध्ये पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याचा दंडक असतो. मासा सोडला म्हणजे तो जगलाच, असे मात्र नव्हे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने मासा धरल्यास हा थर निघून जातो. मासा पाण्याबाहेर जितका अधिक काळ राहील, तितका त्याच्या शरीरावरील ताण वाढतो. पाणी तापले की त्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटते. त्यामुळे कडक उन्हाळ्यात सोडलेला मासा दगावण्याची शक्यता अधिक असते. म्हणून उलटा काटा नसलेला गळ वापरणे, हात ओले करून मासा धरणे आणि मोजमाप शक्य तितक्या लवकर उरकणे हे नियम महत्त्वाचे ठरतात. हे नियम ज्याला कारणांसह समजले, त्याला जलपरिसंस्थेचा पहिला पाठ मिळाला असे म्हणता येईल.

हक्क आणि पुरावा : डर्बीचा खटला

गळ टाकणाऱ्यांच्या स्थानिक संघटनेने प्रदूषणाविरुद्ध यशस्वी लढा दिल्याचे एक ठळक उदाहरण इंग्लंडमधील आहे. डर्बी शहराजवळून वाहणाऱ्या डरवेन्ट नदीत मासेमारीचा हक्क असलेल्या ‘प्राइड ऑफ डर्बी’ या संघटनेने तीन बलाढ्य प्रतिवादींना न्यायालयात खेचले. ब्रिटिश सेलनीज ही कंपनी औद्योगिक सांडपाणी नदीत सोडत होती, डर्बीची नगरपालिका अपुरी प्रक्रिया केलेले मैलापाणी सोडत होती आणि वीज प्राधिकरणाच्या केंद्रातून तापलेले पाणी येत होते. १९५२ मध्ये अपील न्यायालयाने संघटनेच्या बाजूने दिलेला मनाई हुकूम कायम केला. शहराच्या वाढत्या लोकसंख्येमुळे आपला नाइलाज झाला, हा नगरपालिकेचा बचाव टिकला नाही.

हा विजय केवळ निसर्गप्रेमाचा नव्हता. संघटनेला त्या पाण्यावर कायद्याने मान्य केलेला मासेमारीचा हक्क होता आणि त्या हक्काला झालेली हानी ती दाखवू शकली. हक्क आणि पुरावा या दोहोंचा संयोग झाला, तेव्हाच छंदाला कायद्याचे बळ लाभले.

कावेरीची नोंदवही

पुराव्याचे महत्त्व याहून अधिक स्पष्ट करणारे उदाहरण भारतातील आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी महाशीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र उभारले. घटत चाललेल्या महाशीरला वाचवण्याचा हा उपक्रम स्तुत्य होता. तेथे वाढवलेली निळसर परांच्या महाशीरची पिले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही ती सोडली गेली. कावेरीच्या काही पट्ट्यांत हौशी मासेमारांच्या संघटनेने आणि मासेमारी शिबिरांनी राखण चालवली होती. स्थानिक तरुणांना पहारेकरी व वाटाडे म्हणून काम मिळाले आणि सुरुंगाने मासे मारण्याच्या प्रकारांस आळा बसला.

गालिबोरे येथील शिबिरात प्रत्येक पकडीची नोंद ठेवली जात असे. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींचा अभ्यास केला. गळ टाकून व्यतीत झालेले २३,६२० तास आणि पकडून सोडलेले ६,१६१ महाशीर, एवढा तपशील त्यांत होता. या नोंदींवरून असे दिसले की, एकूण पकड वाढत होती; परंतु माशांचा सरासरी आकार घटत होता आणि कावेरीचा मूळ रहिवासी असलेला कुबडदार महाशीर दुर्मीळ होत चालला होता. त्याची जागा बाहेरून आणलेल्या निळसर परांच्या महाशीरने घेतली होती. कुबडदार महाशीरचे शास्त्रीय नावही तोवर निश्चित नव्हते. २०१८ मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली.

या घटनाक्रमातून दोन निष्कर्ष निघतात. सद्हेतूने सोडलेले मत्स्यबीजही त्या पाण्यातील मूळ प्रजातीला अपायकारक ठरू शकते, हा पहिला. दुसरा असा की, हा अपाय उघडकीस आणला तो शिबिराच्या साध्या नोंदवहीने. केवळ ‘मासे भरपूर आहेत’ या समजावर विसंबून राहिले असते, तर एका प्रजातीचा ऱ्हास कोणाच्या लक्षात आला नसता.

पवई : मर्यादांचा प्रश्न

कावेरीच्या शिबिरांना वनक्षेत्रातील नदी लाभली होती. शहरी तलावाची स्थिती वेगळी असते. मुंबईची पाणीटंचाई दूर करण्यासाठी १८९० च्या सुमारास बांधलेला पवई तलाव हे त्याचे उदाहरण होय. त्याचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले. या तलावाच्या काठी १९५५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी मासेमारांची जुनी संघटना आहे. तलावाचा समावेश २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतही झाला होता. तथापि, भोवतालच्या वसाहतींतून येणारे सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी या समस्या तलावाचा पिच्छा सोडत नाहीत.

याचे कारण जलशास्त्रात आहे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे वनस्पती बेसुमार वाढतात. त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषला जातो आणि मासे गुदमरतात. जलपर्णी काढणे हा त्यावर तात्पुरता इलाज होय. मूळ उपाय पाणलोट क्षेत्रात आहे. संघटनेचा वावर पाण्यावर असतो, पाणलोटावर नाही. येथे डर्बीचा धडा आठवतो : जेथे हक्क पोहोचत नाही, तेथे संघटनेची तळमळ एकटी पुरेशी ठरत नाही. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पवईच्या काठावरील सायकल मार्गाचे काम पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांच्या आधारे बेकायदेशीर ठरवले. तलावाचे रक्षण कायदा, नागरिक आणि निरीक्षण यांच्या एकत्र येण्यानेच घडते, हे त्यावरून दिसून येते.

आणखी एक मर्यादा सामाजिक आहे. महाराष्ट्रातील अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यांच्यासाठी मासा हा छंदाचा नव्हे, तर चुलीचा प्रश्न आहे. हौशी संघटनेने संवर्धनाच्या नावाखाली त्यांना बाजूस सारणे अन्याय्य ठरेल आणि अव्यवहार्यही. कारण तलावाचे पिढीजात ज्ञान त्यांच्यापाशीच आहे.

युवक आणि महाविद्यालये

युवकांना गळ टाकण्यास शिकवणे हे अशा संघटनांचे एक पारंपरिक कार्य होय. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या साधनांवरील कराचे उत्पन्न मत्स्यसंवर्धनाकडे वळवले आणि १९८४ च्या दुरुस्तीने त्यातील काही भाग जलशिक्षणासाठी खर्च करण्याची मुभा दिली. छंद, निधी आणि शिक्षण यांची ही सांगड लक्षणीय आहे. आपल्याकडे स्पर्धा भरवून सर्वांत मोठ्या माशास पारितोषिक देण्यावर भर राहिल्यास युवक केवळ पकडणे शिकेल. त्याऐवजी पकडीची तारीख, स्थळ, प्रजाती, लांबी, वजन, पाण्याचे तापमान आणि गळ टाकून बसलेले तास यांची नोंद करण्याची सवय त्याला लावली पाहिजे. रिकाम्या हाताने परतल्याचीही नोंद हवी. तिच्याविना घट मोजता येत नाही.

येथे महाविद्यालयांना करण्याजोगे बरेच आहे. प्राणिशास्त्र विभाग प्रजाती ओळखण्यास साहाय्य करू शकतो, रसायनशास्त्र विभाग विरघळलेला प्राणवायू मोजू शकतो, तर राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक तलावात मिळणाऱ्या नाल्यांचे नकाशे तयार करू शकतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक पातळीवर लोक-जैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. संघटनेच्या नोंदी आणि मच्छीमारांचे ज्ञान या नोंदवहीत आले, तर त्यांना अधिकृत स्थान लाभेल.

निष्कर्ष

हौशी मासेमारी संघटनेचे मोल तिने किती मत्स्यबीज सोडले यावर ठरवणे योग्य नव्हे. कावेरीचा अनुभव या बाबतीत सावध करणारा आहे. पाण्याकडे वर्षानुवर्षे, सर्व ऋतूंत, एकाच ठिकाणी बसून पाहणारे डोळे हे तिचे खरे भांडवल होय. हे पाहणे कागदावर उतरले तर शास्त्रज्ञाला आधार मिळतो, न्यायालयाला पुरावा मिळतो आणि पुढील पिढीला तुलनेसाठी मापदंड मिळतो. पूर्वी तलावात काय होते, हे ज्या पिढीला ठाऊक नसते, ती पिढी उरलेल्यालाच समृद्धी मानते. युवकाच्या हाती गळ देताना नोंदवहीही द्यावी, याची निकड त्यातच आहे.