कपाळाची कातडी आणि विड्यातला कात

परवा घाटी रुग्णालयात शेजारच्या खाटेवर एक आजोबा दिसले. कपाळाच्या कातडीची पट्टी वळवून नाकावर बसवलेली. मला एकदम कावसजी आठवला!

इंग्रज फौजेचा हा बैलगाडीवान. 1792 च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवं नाक घडवून दिलं.

आधी मेणाचा साचा, मग त्या मापाची कपाळाची कातडी. भुवयांमधला देठ मात्र जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे रक्त वाहतं राहतं. तो सुमारे 25 दिवसांनी कापायचा.

आणि जोड धरायला? कात! पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला.

1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात हे छापून आलं, पण कारागिराच्या नावाशिवाय. याची मला फार हळहळ वाटते.