बेसिकला हात लावू नका

माझे बाबा लातूरच्या पोस्टात होते. गाव बदललं की पगारात काय बदलतं, याचं केंद्र सरकारचं उत्तर त्यांना तोंडपाठ आहे. बेसिक तेच, फरक घरभाडे भत्त्यात. 50 लाखांवर वस्तीचं शहर एक्स, 5 लाखांवरचं वाय, बाकी झेड. जानेवारी 2024 मध्ये महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला, तेव्हापासून दर आहेत बेसिकच्या 30, 20 आणि 10 टक्के. पुणे एक्स, नांदेड वाय, लातूर झेड. पुण्याचा क्लार्क बदलीने लातूरला आला तर त्याचा भत्ता घटतो, कामाची किंमत घटत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, मग पुण्याच्या हिंजवडीत नोकरी. मार्च 2020 मध्ये लॅपटॉप घेऊन लातूरला आले आणि तेच काम, त्याच टीमबरोबर इथून करत राहिले. पुढे कंपनीने सांगितलं, ऑफिसला परत या, नाहीतर लातूरच्या हिशोबाने सीटीसी घ्या. मॅनेजर म्हणाले, "तिकडे खर्च कमीच असतो ना."

भाडं वाचतं, हे खरं. पण इथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट घ्यावं लागतं, मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो, उन्हाळ्यात टँकर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. तो खर्च कुठल्या एचआरच्या तक्त्यात असतो?

तरीही खर्चाचा मुद्दा मला वरवरचा वाटतो. पगार खर्च बघून ठरत असता, तर पुण्यात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्याला कमी आणि फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्याला जास्त मिळाला असता. तो ठरतो आज राजीनामा दिला तर उद्या कोण बोलावेल यावर. हिंजवडीत समोरच्या इमारतीतली कंपनी बोलावते. लातुरात बोलावणारं जवळपास कुणी नाही, असं कंपनी गृहीत धरते आणि तेवढं कापते. इंटरव्ह्यू व्हिडिओवर होऊ लागल्यापासून ते गृहीतक अर्धं खोटं झालंय, पण दुसरी ऑफर हातात असेल तरच ते सिद्ध करता येतं.

जगातही यावर एकमत नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी पगाराच्या सूत्रात ठिकाणाचा गुणक धरते. गूगलने 2021 मध्ये अमेरिकेत कायम घरून काम करणाऱ्यांचा पगार राहत्या जागेशी जोडला, काहींची घट 25 टक्क्यांपर्यंत जाईल अशी बातमी होती. उलट रेडिटने ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेपुरते असे विभाग काढूनच टाकले. म्हणजे हा ज्या त्या कंपनीने घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णयावर बोलणी होऊ शकतात.

मी एचआरला म्हटलं, भत्ता कमी करा, बेसिकला हात लावू नका. कारण पीएफचे 12 टक्के बेसिकवर, ग्रॅच्युइटी बेसिकवर, आणि पुढची कंपनी हाइक देते ती आधीच्या सीटीसीवर. एकदा कापलेलं पुढच्या प्रत्येक नोकरीत कापलेलंच राहतं. त्यांनी मानलं नाही. मी नोटीस दिली आणि बेंगळुरूच्या एका कंपनीत लागले. ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण लातूर आहे, बेसिक तिथल्या टीमएवढंच.

नांदेडचा माझा एक वर्गमित्र परदेशी कंपनीचं काम कंत्राटावर करतो. रुपयांत रक्कम मोठी दिसते, पण पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, काम कधीही थांबू शकतं. ते मोजूनच त्याने दर लावला.

विष्णुपुरीची मुलं फोन करतात, "ताई, पहिल्यापासूनच घरून नाही का जमणार?" त्यांना मी पुण्याला जा म्हणते. अनुभव नसलेल्या पोराला घरबसल्या घेणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत, आणि शेजारी बसून कोड दाखवणारा सीनियर सुरुवातीची दोन-तीन वर्षं लागतोच. नांदेड-पनवेल एक्सप्रेस लातूरवरूनच पुण्याला जाते. परत यायचं ते हातात काम आल्यावर, आणि ऑफर लेटरवरचं बेसिक वाचून.