प्रकाशाची सक्ती

१९९४ साली ‘वॉरक्राफ्ट : ऑर्क्स अँड ह्यूमन्स’ हा संगणकावरचा युद्धखेळ आला, तेव्हा त्यातले ऑर्क हिरवे होते. का हिरवे, हे कुणी विचारलं नाही. आडदांड, सुळेवाल्या शत्रूंना माणसांपासून वेगळं दाखवायचं तर कुठला तरी रंग लागणारच. पुढे खेळ चालला, त्याचे भाग निघाले, कादंबऱ्या निघाल्या, आणि ऑर्कांना पूर्वेतिहास देणं भाग पडलं. ड्रेनॉर नावाच्या दुसऱ्याच जगात ते मुळात तपकिरी कातडीचे, शिकारीवर जगणारे, पूर्वजांच्या आत्म्यांना मानणारे लोक होते, असं ठरलं. मग हिरवा रंग आला कुठून? तर ‘फेल’ या जादूतून. त्यांच्यातल्या काही मांत्रिकांनी दैत्यांकडून ही विद्या घेतली आणि तिची बाधा एवढी पसरली की ज्यांनी तिला कधी हात लावला नव्हता त्यांच्याही अंगावर ती उमटली.

रंग आधी, कारण मागून. वॉरक्राफ्टचं सगळं विश्वशास्त्र असं उलट्या दिशेनं रचत नेलेलं आहे. पण ठिगळं जोडता जोडता तिथे विरोधी शक्तींची अशी एक कल्पना तयार झाली, जी बऱ्याच नीट आखून लिहिलेल्या कल्पितकथांना साधलेली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ब्लिझार्ड कंपनीचा ऑनलाइन खेळ २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. महिन्याची वर्गणी भरायची, आपलं पात्र घडवायचं आणि अझेरॉथ नावाच्या जगात हजारो लोकांसोबत वावरायचं. जगाचे दोन तट आहेत, अलायन्स आणि होर्ड. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, ‘क्रॉनिकल’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. ख्रिस मेट्झन, मॅट बर्न्स आणि रॉबर्ट ब्रूक्स यांनी तोवरचा सगळा पसारा त्यात एका सूत्रात ओवला. त्यात विश्वाचं एक वर्तुळाकार चित्र आहे. कडेला सहा शक्ती, समोरासमोर तीन जोड्यांत: प्रकाश आणि व्हॉइड, सुव्यवस्था आणि अव्यवस्था, जीवन आणि मृत्यू. प्रत्येकीची जादू वेगळी, प्रत्येकीचे जीव वेगळे. आत आग, पाणी, हवा, माती वगैरे मूलतत्त्वं. खेळाचे चाहते या चित्राकडे पंचांगाकडे पाहावं तसे पाहतात.

या चित्रात एक गोष्ट कुठेच नाही. चांगलं आणि वाईट अशी जोडीच त्यात नाही.

प्रकाश आणि व्हॉइड या जोडीपासून सुरुवात करू, कारण विश्वाचा जन्मच तिच्यापासून आहे. ‘क्रॉनिकल’ सांगतं की आधी फक्त प्रकाशाचा अथांग सागर होता. तो सरकत, पसरत राहिला तशा त्यात विरळ जागा पडल्या आणि त्या पोकळ्यांत व्हॉइड वाढला. दोघांची टक्कर झाली, तिच्या स्फोटातून आपल्याला दिसतं ते भौतिक विश्व जन्मलं. त्याला वेढून ‘ट्विस्टिंग नेदर’ नावाचा खदखदता प्रदेश राहिला, जिथे दोघांच्या सीमा आजही एकमेकींवर घासतात. म्हणजे व्हॉइड हा प्रकाशाच्या हालचालीतूनच पडलेला खड्डा आहे. बाहेरून आलेला शत्रू नव्हे.

या दोघांचं भांडण कशावरून आहे, ते खेळात लोकस-वॉकर नावाच्या एका पात्राच्या तोंडून कळतं. त्याच्या सांगण्याचा आशय असा, की प्रकाशाच्या लेखी खरी वाट एकच असते, बाकीच्या खोट्या. व्हॉइडमध्ये असंख्य शक्यता असतात, त्या एकमेकींना खोडतात आणि तरी प्रत्येक तितकीच खरी असते. म्हणून प्रकाशाचे उपासक ठाम असतात आणि व्हॉइडच्या नादी लागलेले कानातल्या कुजबुजीनं वेडे होतात. भांडण सत्य किती आहेत याचं आहे. दुष्टपणा नंतर येतो, आणि तो दोन्हीकडून येऊ शकतो.

प्रकाशाची जादू वापरायला लागते ती निष्ठा. सद्गुण लागत नाही. ‘स्कार्लेट क्रुसेड’ नावाचा पंथ या खेळात अगदी सुरुवातीपासून आहे. जिवंत प्रेतांच्या साथीविरुद्ध लढता लढता हे लोक इतके कडवे झाले की ज्याच्यावर संशय येईल त्याला छळून मारू लागले. तरी प्रकाश त्यांना सोडून गेला नाही, कारण आपण बरोबर आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पाश्चात्त्य वाचकाला याचा धक्का बसतो. आपल्याला बसायचं कारण नाही. भस्मासुराला वर मिळाला तो तपामुळे, त्याचा स्वभाव कुणी तपासला नव्हता.

हा धागा लेखकांनी पुढे चांगलाच ताणला. २०१७ मध्ये, ‘लीजन’ या पर्वाच्या उत्तरार्धात, झेरा ही प्रकाशाची एक आदिशक्ती इलिडानला वरदान द्यायला येते. इलिडान म्हणजे दैत्यांशी लढण्यासाठी स्वतःच अर्धा दैत्य झालेला, डोळे गमावलेला योद्धा. झेराच्या भाकितानुसार तोच तारणहार. तो म्हणतो, नको. ती ऐकत नाही. त्याला बांधून त्याच्या अंगात प्रकाश भरायला लागते, कारण भविष्य तिला ठाऊक आहे आणि त्यात त्याच्या नकाराला जागाच नाही. इलिडान तिला तिथल्या तिथे फोडून टाकतो. इतकी वर्षं प्रकाशाच्या बाजूनं खेळलेल्या खेळाडूंना या प्रसंगात कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. माझ्या मते या खेळातला हा सर्वांत हुशारीनं लिहिलेला प्रसंग आहे.

त्याच पर्वात तुरॅलियन आणि अ‍ॅलेरिया हे जोडपं परत येतं. ऑर्कांशी झालेल्या दुसऱ्या युद्धानंतर ते ड्रेनॉरवर गेले आणि बेपत्ता झाले. अझेरॉथवर काही दशकं गेली, नेदरमध्ये भटकणाऱ्या या दोघांची हजार वर्षं. तो प्रकाशानं पुनर्घडित झालेला सेनापती, ती व्हॉइडची विद्या शिकलेली धनुर्धर. तिच्या या अभ्यासापायी झेरानं तिला कैदेतही टाकलं होतं. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि एकाची शक्ती दुसऱ्याच्या शक्तीची वैरी आहे. पुढे अ‍ॅलेरिया आपल्याच लोकांच्या सनवेल या पवित्र कुंडापाशी जाते, तर तिच्या नुसत्या असण्यानं तिथे व्हॉइडची फट उघडते आणि तिला हद्दपार केलं जातं. वर्तुळावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे काय, ते इथे कळतं.

सनवेलची स्वतःची गोष्ट तर याहून जुनी आणि याहून बोचरी आहे. हे कुंड प्रेतसेनेचा सेनापती आर्थस यानं नासवलं तेव्हा कुंडाच्या जादूवर पोसलेले एल्फ व्यसन सुटलेल्या माणसासारखे तडफडू लागले. त्यांचा राजपुत्र केलथास यानं मुरू नावाचा नारू पकडून राजधानीला पाठवला. नारू हे प्रकाशाचे सजीव: घंटानादासारखा आवाज असलेले, स्फटिकांचे तरंगते आकार. निष्ठा नसलेले योद्धे त्याला शोषून प्रकाशाची जादू ओढू लागले, म्हणजे सरळसरळ चोरी. पण नारूचं एक असतं, की फार शोषला गेला तर तो विझून संपत नाही, उलटतो. प्रकाश सरला की त्याच देहात व्हॉइड भरतो. २००८ च्या मार्चमध्ये सनवेलची मोहीम खेळात आली, तिच्यात खेळाडूंना याच मुरूशी लढावं लागलं. लढाईच्या मध्यात तो काळवंडून एन्ट्रोपियस होतो. ही लढत इतकी अवघड होती की तिच्यापायी कितीतरी गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, फुटले. मोहीम संपल्यावर मुरूची उरलेली ठिणगी घेऊन वेलेन हा वृद्ध धर्मगुरू सनवेल पुन्हा पेटवतो. ज्याला लुटलं त्याच्याच राखेतून लुटारूंना क्षमा मिळते. खेळातल्या गोष्टीकडून एवढी अपेक्षा मी तरी ठेवली नव्हती.

सुव्यवस्थेची जादू म्हणजे आर्केन, अव्यवस्थेची फेल. आर्केन ही जादूगारांची, ग्रंथांची, मोजमापाची जादू, तिचे धनी टायटन, ग्रहांएवढे कारागीर. फेल ही जाळून मिळणारी ऊर्जा, जिवाचं सरपण करणारी. दैत्यसेना उभारणारा सार्गेरस मुळात टायटनांचा सर्वश्रेष्ठ योद्धा होता, हा या जोडीतला मुख्य पेच. आधीच्या कथेत त्याला एरेडार या दैत्यजातीनं भ्रष्ट केलं होतं. २००७ च्या ‘बर्निंग क्रुसेड’ पर्वाआधी हे नेमकं उलटं झालं, त्यानंच एरेडारांना भ्रष्ट केलं असं ठरलं, आणि जुना तपशील आपण विसरलो, अशी कबुली मेट्झननं उघडपणे दिली. मग तो बिघडला कशानं? ‘क्रॉनिकल’नं दिलेलं उत्तर आधीच्या दोन्हींपेक्षा सरस आहे. काही ग्रहांच्या पोटात टायटनाचा गर्भ झोपलेला असतो. असा एक ग्रह व्हॉइडनं आतून कुजवलेला सार्गेरसला सापडला. उद्या असा टायटन जन्मला तर व्हॉइड सगळं गिळेल, या भीतीनं त्यानं तो ग्रह तलवारीनं चिरला. मग हिशेब मांडला: व्हॉइडच्या हाती लागण्यापेक्षा सगळंच जाळून टाकलेलं बरं. व्यवस्थेच्या टोकाच्या रक्षकानं अव्यवस्थेची फौज उभारली ती तिसऱ्याच शक्तीच्या धसक्यानं. सहा शक्तींचं चित्र इथे खऱ्या अर्थानं कामाला येतं.

जीवन आणि मृत्यूच्या जोडीबद्दल माझं मत तितकंसं बरं नाही. जीवनाचा अतिरेक ही कल्पना उत्तम होती. ड्रेनॉरवर वनस्पती इतक्या माजल्या होत्या की त्यांनी सगळा ग्रह व्यापला असता, म्हणून टायटन अ‍ॅग्रमारनं त्यांच्याशी लढायला ग्रॉन्ड नावाचा पाषाणकाय राक्षस घडवला. मृत्यूचं मात्र २०२० च्या ‘शॅडोलँड्स’ पर्वात खातं उघडल्यासारखं झालं. टायटनांचा देवगण आहे, तर मृत्यूचाही देवगण हवा. त्या सगळ्यांना घडवणारे कुणी ‘फर्स्ट वन्स’ही हवेत. चित्रातले रिकामे चौकोन भरले गेले, पण गोष्ट कोरडी पडली. आर्डनवील्ड या सदैव सांजावलेल्या वनाचा अपवाद करायला हवा: मेलेले वनदेव तिथे बीजात निजतात आणि पुन्हा जन्मायला परततात. मृत्यूच्या राज्यात जीवनाची पेरणी चालते, ही दोन शक्तींमधली देवाणघेवाण चित्र पाहून सुचली नसती.

आता प्रश्न असा, की प्रत्यक्ष खेळताना हा विरोध जाणवतो का? आकड्यांत फारसा नाही. प्रकाशाचा घाव व्हॉइडच्या जीवाला दुप्पट लागतो असं काही सरसकट नसतं, नाहीतर प्रत्येक मोहिमेत एका क्लासला, म्हणजे पात्राच्या एका प्रकाराला, बसवून ठेवावं लागलं असतं. सुरुवातीच्या काळात आग, बर्फ, निसर्ग, छाया, आर्केन यांच्याविरुद्ध प्रतिकार देणारी चिलखतं होती. मोल्टन कोअरच्या मोहिमेसाठी लोक आगीच्या प्रतिकाराचे कपडे जमवत बसायचे. प्रकाशाच्या पवित्र जादूविरुद्धचं चिलखत मात्र कधी नव्हतं. पुढे प्रतिकाराची ही पद्धतच मोडीत निघाली.

विरोध जाणवतो तो किमतीत. फेल वापरणाऱ्या वॉरलॉक या क्लासला पूर्वी ‘लाइफ टॅप’ असायचा, स्वतःचं आयुष्य कापून जादू भरायची, म्हणजे फेलचा नियम आधी स्वतःवरच. प्रीस्ट या एकाच क्लासला प्रकाश आणि छाया (म्हणजे व्हॉइडची जादू) दोन्ही वाटा खुल्या आहेत. ‘लीजन’मध्ये छायेच्या वाटेवरच्या प्रीस्टला वेडाचं माप मिळालं: ते भरलं की व्हॉइडचं रूप येतं आणि जितका वेळ त्यात टिकाल तितका जोर वाढतो. ‘सरेंडर टू मॅडनेस’ नावाचं कौशल्य निवडलं तर तो जोर भन्नाटच, पण ते रूप ओसरताच पात्र जागच्या जागी मरतं. खेळाडू सेकंद मोजत, शत्रू आधी पडतो की आपण, हे पाहत बसायचे. लोकस-वॉकरच्या भाषणाहून जास्त व्हॉइड त्या मोजणीत होता.

पण ते वर्तुळाकार चित्र काढलं कुणी? ‘क्रॉनिकल’ हा टायटनांच्या नजरेतून सांगितलेला इतिहास आहे, अशी सारवासारव कंपनीच्या कथाकारांनी नंतर केली, आणि २०२१ च्या ‘ग्रिमॉयर ऑफ द शॅडोलँड्स’ या पुस्तकात मृत्युलोकातल्या ब्रोकर नावाच्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून विश्वाची वेगळी मांडणी छापली. काहींना ही पळवाट वाटली. पळवाट आहेच, पण तिला जुना आधारही आहे. २००९ च्या उल्डुआर मोहिमेत टायटनांचा निरीक्षक अ‍ॅल्गॅलॉन आकाशातून उतरतो. ग्रह बिघडलाय असं ठरलं की त्याच्यावरची सगळी जीवसृष्टी पुसून पहिल्यापासून मांडायची, असा त्यांचा नियम, आणि हे त्यानं कितीतरी जगांवर पाहिलेलं. त्याला वाईट वाटत नसतं, कारण आराखडा बरोबर असतो. असे लोक विश्वाचं चित्र काढतील तेव्हा सुव्यवस्थेचा कोपरा स्वच्छच दिसणार. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्लिझार्डनं तीन पर्वांची नवी मालिका जाहीर केली. त्या घोषणेनुसार तिच्या दुसऱ्या पर्वात प्रकाश आणि व्हॉइड सनवेलपाशी भिडतात, आणि तिसरं, ‘द लास्ट टायटन’, खेळाडूंना पुन्हा उल्डुआरला नेणार आहे, टायटनांनी सांगितलेल्या इतिहासाची उलटतपासणी घ्यायला.